पहिला पिक पाण्यात, चौदावा सोन्याचा

या वेळी तुमच्या प्रश्नांचा ढीग उघडला तर निम्मे प्रश्न एकाच गोष्टीवर, विनिपेग ब्ल्यू बॉम्बर्स, म्हणजे कॅनेडियन फुटबॉल लीगमधला आमच्या विनिपेगचा संघ. आता साहजिकच आहे म्हणा. १६ नोव्हेंबर २०२५ ला ग्रे कप, म्हणजे लीगची फायनल, विनिपेगच्याच प्रिन्सेस ऑटो स्टेडियममध्ये झाला आणि घरचा संघ तिथे नव्हता, मांडव आपला आणि वरात शेजाऱ्यांची. सस्कॅचवानने मॉन्ट्रियलला २५-१७ हरवून कप नेला तोही आपल्या दारातून. त्यामुळे लोकांची डोकी तापलेली आहेत आणि ती तापलेली डोकी मला लिहितायत. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : दादा, माझा भाचा विनिपेगला शिकायला गेला तो तिकडचाच झाला. मॅच असली की आमच्या इथे सकाळी सहाला व्हिडिओ कॉल, मागे नुसता आरडाओरडा. परवा म्हणे "मामा, आपला ड्राफ्टच गंडलाय". मला काही कळेना. हा फुटबॉल म्हणजे हातात धरून पळतात तोच ना? आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव का? – एक मामा, पुणे

हो मामा, हातातलाच. अमेरिकेतल्यापेक्षा जरा वेगळा, इथे एका बाजूला १२ जण, १० यार्ड पुढे सरकायला तीनच डाव मिळतात, मैदान ११० यार्डांचं (२०२७ पासून ते १०० यार्डांचं करणार आहेत, त्यावरून इथे भांडणं वेगळीच चालू आहेत, आज त्यात शिरत नाही).

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नाही, बोली-बिली काही नाही. नऊ संघ आळीपाळीने पोरं निवडतात (एकेक निवड म्हणजे एक पिक), गेल्या सीझनला जो तळाला होता त्याचा नंबर पहिला आणि ज्याने कप उचलला त्याचा शेवटी. असे आठ राउंड. आणि महत्त्वाचं म्हणजे यात फक्त कॅनेडियन पोरं असतात, अमेरिकन खेळाडू संघ वेगळे करार करून आणतात, ते या रांगेत येत नाहीत. आयपीएलमध्ये कसं चारच परदेशी खेळवता येतात, इकडे तेच दुसऱ्या टोकाने धरलंय, सुरुवातीच्या खेळाडूंत किमान सात कॅनेडियन पाहिजेतच. या नियमाला शेपटं खूप आहेत पण मुद्दा एवढाच की अमेरिकेतून चांगला पळणारा तुम्हाला दहा मिळतील, चांगला कॅनेडियन मिळायची मारामार. म्हणून तुमचा भाचा ड्राफ्टच्या नावाने रडतोय. तो बरोबर रडतोय का ते पुढच्या उत्तरात बघा.

प्रश्न : आम्ही दोघं रूममेट, दोघं बॉम्बर्सवाले, पण गेले दोन महिने घरात बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. मी म्हणतो आपल्या मॅनेजमेंटला ड्राफ्ट कळतच नाही, दोनदा पहिला नंबर हातात आला आणि दोनदा वाया घालवला. हा म्हणतो ड्राफ्टमुळेच आपण दोन कप जिंकलो. तुम्ही सांगा कोण बरोबर, हरणारा महिनाभर भांडी घासणार आहे. – विनिपेग

भांड्यांचा निकाल शेवटी देतो. आधी तुझी बाजू घेऊ, कारण ती ऐकायला जोरदार आहे.

२०११ ला आपण पहिल्या नंबरवर हेनॉक मुआंबाला घेतलं. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला, पोरगा गुणी, म्हणजे निवड चुकली असं कोणी म्हणूच शकत नाही. पण तो २०१३ नंतर अमेरिकेतल्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, इंडियानापोलिसला गेला आणि परत कॅनडात आला तो आपल्याकडे नाही आला. मग २०२२ चा ग्रे कप, रेजायना, आपण विरुद्ध टोरांटो, आणि शेवटच्या मिनिटांत आपला चेंडू हवेतच पकडला कोणी, तर याच मुआंबाने! आपण २४-२३ ने हरलो, एका पॉइंटने, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच, सर्वोत्तम कॅनेडियन पण तोच. त्याच टोरांटोच्या संघात अँड्र्यू हॅरिस पण होता, आपला विनिपेगचा, ज्याने २०१९ ला आपल्याला कप जिंकून दिला होता. मी त्या रात्री टीव्ही बंद करून थेट ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढायला गेलो होतो, बायको म्हणाली अहो तो सकाळीच काढलाय.

दुसरा पहिला नंबर २०१७ चा. हा तर आपल्याला फुकटात लागलेला. २०१६ च्या सीझनमध्येच आपण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) ड्रू विली टोरांटोला दिला आणि बदल्यात टी. जे. हीथ आणि त्यांचा पहिल्या राउंडचा पिक घेतला, मग टोरांटो आपटलं आणि तो पिक होऊन बसला एक नंबर. लॉटरीच की. आणि घेतलं कोणाला, फेथ एकाकिटी, आयोवा युनिव्हर्सिटीचा डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतला. एक सीझन खेळला आणि संपला विषय. त्याच्याच पाठोपाठ सस्कॅचवानने कॅमेरॉन जज घेतला, तो पुढे लीगमधल्या नावाजलेल्या लाइनबॅकर्समध्ये गेला. तेव्हा तुझा राग मी समजू शकतो, मला पण तो ड्राफ्ट आठवला की ॲसिडिटी होते.

पण आता त्याच २०१७ च्या ड्राफ्टमध्ये जरा खाली ये. आठव्या नंबरवर आपण जेफ ग्रे घेतला. मॅनिटोबा युनिव्हर्सिटीच्या बायसन्स संघाचा, इथलाच, घरचा. ग्रीन बे पॅकर्सकडे नशीब आजमावून परत आला आणि वर्षानुवर्षं आपल्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (चेंडूवाल्यापुढे भिंत करणारी रांग) उभा राहिला. त्याचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही कारण लाइनमनचं काम म्हणजे घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं, भरलेली असली की कोणाला आठवण नाही. आणि या लीगमध्ये सात कॅनेडियन कुठे बसवायचे तर बहुतेक संघ दोन-तीन जण इथे, या लाइनमध्येच बसवतात. म्हणजे ड्राफ्ट चांगला की वाईट हे बघायला चेंडू कोणाच्या हातात आहे ते बघून उपयोग नाही, त्याच्या पुढे धक्के खात कोण उभं आहे ते बघावं लागतं.

आणि २०१९. चौथ्या नंबरला ड्रू डेझार्ले, पाचव्याला जोनाथन काँगबो, आणि दुसऱ्या राउंडमध्ये, एकूण चौदावा, ब्रेडी ऑलिव्हेरा. चेंडू घेऊन पळणारा, विनिपेगचाच पोरगा, नॉर्थ डकोटाला कॉलेज खेळून आलेला. पहिल्याच सीझनला सुरुवातीलाच त्याचा पाय मोडला, तेव्हा पण लोक म्हणाले गेला हा पण पिक पाण्यात. मग तो हॅरिसच्या मागे उमेदवारी करत बसला, गपचूप. २०२३ ला १,५३४ यार्ड पळाला आणि सर्वोत्तम कॅनेडियन ठरला. २०२४ ला अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कॅनेडियन माणसाने हा मान मिळवणं म्हणजे काय हे मामांना समजावून सांगायला मला आणखी एक पान लागेल.

अजून एक नाव सांगतो जे तुम्ही दोघांनी भांडताना नक्की घेतलं नसणार. जेक थॉमस. २०१२, चौथा राउंड. चौथ्या राउंडला आलेली पोरं दोन ट्रेनिंग कॅम्प करून इन्शुरन्स विकायला लागतात आणि हा माणूस बारा-तेरा वर्षं डिफेन्सच्या मध्यभागी एकाच जर्सीत!

आता रूममेट नंबर दोन, तू जास्त खूश होऊ नकोस. कारण "ड्राफ्टमुळेच जिंकलो" हे पण अर्धंच खरं आहे. हॅरिस आपण ड्राफ्ट केला नव्हता, तो ज्युनियर फुटबॉलमधून बी. सी. लायन्सकडे गेला आणि २०१६ ला घरी आला. निक डेम्स्की पण विनिपेगचा, बायसन्सचा, आणि २०१५ ला तो डोळ्यासमोर असताना आपण दुसऱ्या नंबरला सुख चुंग घेतला, डेम्स्की सहाव्या नंबरला सस्कॅचवानने उचलला. तीन वर्षांनी, २०१८ ला, तो फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून आपल्याकडे आला. आणि आपला क्वार्टरबॅक झॅक कोलारोस तर अमेरिकन, त्याचा ड्राफ्टशी संबंध एवढाच की २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये टोरांटोकडून त्याला घेताना आपण ड्राफ्टचा पिक देऊन टाकला. म्हणजे गंमत बघ, गेल्या दहा वर्षांतला आपला सगळ्यात भारी पिक कोणता, तर जो आपण वापरलाच नाही! २०१९ ला ३३-१२, २०२१ ला ओव्हरटाइममध्ये ३३-२५, दोन्ही वेळा समोर हॅमिल्टन, आणि २०२१, २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं कोलारोस लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

माझं मत विचारशील तर आपला जनरल मॅनेजर काईल वॉल्टर्सची ड्राफ्टची नजर मधल्या राउंडमध्ये चांगली आणि एक नंबरवर भोपळा (मुआंबा त्याच्या आधीचा, ते त्याच्या खात्यावर टाकू नकोस). आणि त्याचं खरं कसब ड्राफ्टच्या दिवशी दिसत नाही, दुसऱ्यांनी ड्राफ्ट केलेली आपल्या गावची पोरं तो नंतर गोड बोलून घरी आणतो त्यात दिसतं.

भांडी : पंधरा दिवस तू, पंधरा दिवस तो. कढई मात्र तू घास, कारण मुआंबाला तू "वाया" म्हणालास.

प्रश्न : अहो विनिपेगकर, कप कुठे आहे हो सध्या? – रेजायनाहून, सस्कॅचवानच्या हिरव्या जर्सीत

आहे हो तुमच्याकडे आहे, अभिनंदन, मनापासून (दात ओठ खाऊन). २०१३ नंतर पहिला, एकूण पाचवा. आमचे बारा आहेत, आम्ही मोजत नाही, सहज सांगितलं.

बाकी ड्राफ्टचा विषय निघालाच आहे तर तुम्ही आमच्यासाठी किती छान ड्राफ्ट करता याबद्दल आभार मानायचे राहिले होते. पॅट्रिक न्यूफेल्ड रेजायनाचा, २०१० ला तुम्ही पाचव्या राउंडमध्ये घेतला, २०१३ पासून आमच्या लाइनमध्ये. डेम्स्कीचं वर लिहिलंच. आणि कोलारोस पण २०१८ ला तुमच्याचकडे होता ना? सप्टेंबरला बँजो बोलला (आपली दरवर्षीची विनिपेगमधली मॅच) या, चहा पाजतो.

प्रश्न : २०१९ ते २०२४ पाच फायनल आणि २०२५ ला एकदम १०-८. हे अचानक कसं झालं? कोच माईक ओशे म्हातारे झाले का? – ब्रँडन, मॅनिटोबा

अचानक काही नाही झालं, आपण बघायचं नाकारलं. आकडे (जिंकलेल्या-हरलेल्या मॅच) ओळीने लाव ना, २०२२ ला १५-३, २०२३ ला १४-४, २०२४ ला ११-७, २०२५ ला १०-८. जिना उतरतोय तसं एकेक पायरी. २०२४ ला तर सुरुवातच ०-४ होती, मग २-६, आणि तिथून लागोपाठ आठ मॅच जिंकून आपण सगळ्यांना गप्प केलं म्हणून ते वर्ष चांगलं वाटलं. शेवटी फायनलला टोरांटोने ४१-२४ धुतलंच. मधली फायनल २०२३ ची, मॉन्ट्रियल २८-२४. तीन फायनल लागोपाठ हरायला पण दम लागतो म्हणा, आधी तिथे पोचावं लागतं.

२०२५ ला सुरुवातीच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि आम्ही सगळे स्वप्न बघायला लागलो की घरच्या मैदानावर कप. मग जे व्हायचं ते झालं, पश्चिम विभागात चौथा नंबर, तिथून क्रॉसओव्हरने (पश्चिमेतला संघ पूर्व विभागातून खेळतो तो नियम) पूर्वेच्या सेमीफायनलला आणि मॉन्ट्रियलने घरी पाठवलं. घरी म्हणजे अक्षरशः घरी, दोन आठवड्यांनी तेच मॉन्ट्रियल फायनल खेळायला आपल्या गावात.

कारणं बघ. बक पिअर्स इतकी वर्षं ऑफेन्स चालवत होता, तो २०२४ च्या डिसेंबरमध्ये बी. सी. चा मुख्य कोच झाला. पास पकडणाऱ्यांपैकी केनी लॉलर हॅमिल्टनला गेला. डाल्टन शोन गुडघ्यातून सावरतच राहिला. कोलारोस तेव्हा ३७ चा, लाइनमन स्टॅनली ब्रायंट त्याच्याहून मोठा. आणि इथे ड्राफ्ट परत येतो बघ. तुम्ही पाच वर्षं फायनल खेळलात म्हणजे पाच वर्षं तुम्ही रांगेत शेवटी उभे. चांगली पोरं आधीच्यांनी नेलेली, उरलेल्यातून निवडायचं, त्यातला जो चमकतो त्याला एनएफएल नेते. डेझार्ले दोन कप जिंकून २०२२ ला न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला, परत आला तो ओटावाला. टायरेल फोर्ड २०२४ ला सात इंटरसेप्शन (समोरच्याचा पास हवेतच पकडणं) काढून मोठा झाला आणि लगेच जानेवारीत ग्रीन बे. शेतकऱ्याने बियाणं लावायचं आणि पीक आलं की व्यापाऱ्याने ट्रक लावायचा.

ओशेंना म्हातारं म्हणू नकोस. स्वतः कॅनेडियन ड्राफ्टमधूनच आलेला माणूस, १९९३ चा चौथा नंबर, त्याला एडमंटनने घेऊन लगेच हॅमिल्टनला दिलं होतं. ते आणि वॉल्टर्स दोघं ग्वेल्फ युनिव्हर्सिटीचे, त्यामुळे कॅनेडियन पोरांवर त्यांचा जरा जास्तच जीव. माझी तक्रार उलट आहे, ते माणसं सोडत नाहीत. ३५ च्या खेळाडूला पण अजून एक वर्ष, अजून एक वर्ष. घरात चांगलं वाटतं असं, मैदानात चौथ्या क्वार्टरला कळतं.

प्रश्न : ताईचा प्रश्न समजा. माझा मुलगा इथे एडमंटनमध्ये हायस्कूलला क्वार्टरबॅक खेळतो. त्याचे कोच म्हणतात कॅनेडियन क्वार्टरबॅकला कोणी विचारत नाही, दुसरी जागा धर. खरं का? – एडमंटन

ताई, हे ऐकून वाईट वाटतं पण कोच अगदीच खोटं नाही बोलत. क्वार्टरबॅक बहुतेक अमेरिकनच असतात. पण तुमच्याच गावातलं उदाहरण आहे की. ट्रे फोर्ड, नायगरा फॉल्सचा, वॉटरलू युनिव्हर्सिटीचा, २०२१ ला कॅनडातल्या युनिव्हर्सिटी फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू, आणि २०२२ ला तुमच्या एल्क्सनी त्याला आठव्या नंबरला घेतलं. पुढच्या वर्षी एल्क्स घरच्या मैदानावर हरत हरत सलग २२ मॅचपर्यंत पोचले होते, ती साडेसाती ऑगस्ट २०२३ ला ओटावाविरुद्ध संपली तेव्हा क्वार्टरबॅक हाच होता. पण २०२५ ला सीझन चालू असताना त्याला बाजूला करून कोडी फाहार्डोला उतरवलं, तेव्हा जागा टिकवणं किती अवघड ते पण बघा.

आणि वर ज्या टायरेल फोर्डचं लिहिलं ना, तो याचा जुळा भाऊ! त्याच ड्राफ्टमध्ये पाच नंबर नंतर, तेराव्याला आपण घेतला. एकाच घरातली दोन पोरं, एक चेंडू फेकणारा, एक दुसऱ्याने फेकलेला पकडणारा. तुमच्या मुलाला म्हणावं क्वार्टरबॅक खेळ पण सोबत डिफेन्सचा पण सराव ठेव. आणि अभ्यास, ते तुम्ही सांगतच असाल.

प्रश्न : या खेळात आपला कोणी देसी आहे का? – सरी, बी. सी.

वर नाव येऊन गेलं तुमच्या लक्षात नाही आलं, सुख चुंग. पंजाबी घरातला, तुमच्याच प्रांतातला, कॅल्गरी युनिव्हर्सिटीतून आला, २०१५ ला आपण दुसऱ्या नंबरला घेतला. लाइनमन म्हणून उत्तम. पण २०१९ च्या सुरुवातीला तो बी. सी. लायन्सकडे गेला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये आपण २९ वर्षांनी कप जिंकला, नशीब एकेकाचं. त्याच सुमाराला आपला सेंटर (लाइनच्या मधोमधला) मथायस गूसन, २०१४ चा दुसरा नंबर, पोलिसात जायचं म्हणून खेळच सोडून गेला. दोन वर्षांचे दोन दुसरे नंबर एकाच हिवाळ्यात गेले, आणि कप मात्र त्यानंतर आला. रूममेट नंबर एक, हे तू वाचतोयस ना, तुझ्या बाजूने एक मुद्दा मी स्वतः देतोय.

त्याआधी ऑबी खान होते, पाकिस्तानी घरातले, बरीच वर्षं आपले सेंटर, नंतर हॉटेल काढलं आणि आता मॅनिटोबाच्या राजकारणात विरोधी पक्षाचे नेते. आपला मराठी मात्र अजून कोणी नाही. ताईंच्या मुलाकडे बघू.

प्रश्न : दादा परत मीच. उत्तर भाच्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला "बघ, मी बरोबर होतो". आता पुढच्या सीझनला पण सकाळी सहाला उठवणार का हा? – तेच मामा, पुणे

मामा, विनिपेगला संध्याकाळी साडेसातला मॅच सुरू होते तेव्हा तुमचे सकाळचे सहा वाजलेले असतात, त्याला इलाज नाही. जून ते ऑक्टोबर, १८ मॅच. त्यातल्या निम्म्या दुसऱ्या गावात असतात, बी. सी. ला असली तर आठ-साडेआठपर्यंत झोपायला मिळेल. ड्राफ्ट मे महिन्याच्या आसपास असतो, तो पण तुमच्या पहाटेच. फोन सायलेंटवर ठेवा.